दूरच्या डेटाबेसची जोडणी आणि तिच्या किल्ल्या : बीदर-कलबुर्गी सीमाभागाच्या निमित्ताने

बीदर जिल्ह्यातील औराद किंवा भालकी तालुक्यातल्या शेतकऱ्याला जमिनीचा उतारा हवा असला, की तो ‘पहाणी’ मागतो. कर्नाटकच्या महसूल खात्यातील या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही. महाराष्ट्रात सात-बारा, गोव्यात एक-चौदा, तशी तिकडे पहाणी. उत्तर कर्नाटकातून गोव्यात कामासाठी आलेला माणूस आज ही पहाणी मोबाइलवर पाहू शकतो. पाहणारा एका राज्यात, जमीन दुसऱ्या राज्यात आणि नोंद ज्या संगणकावर साठवली आहे तो संगणक तिसऱ्याच गावी, अशी ही व्यवस्था आहे. या तिन्ही ठिकाणांना सांधणाऱ्या दुव्याला दूरस्थ डेटाबेस जोडणी म्हणतात. ती जोडणी ज्या नावाने, पासवर्डाने किंवा प्रमाणपत्राने खुली होते, त्यांना मिळून ‘क्रेडेन्शियल्स’ हा शब्द रूढ आहे. मराठीत ‘किल्ल्या’ म्हटले तरी अर्थ पुरेसा पोहोचतो.

सरकारी यंत्रणांपुरताच हा विषय राहिलेला नाही. गावोगावच्या पतसंस्था, शाळा-महाविद्यालये, खासगी रुग्णालये, ग्रंथालये आणि अडत दुकाने आपला हिशेब पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी यांसारख्या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये ठेवू लागली आहेत. परवान्याचे पैसे पडत नाहीत, हे त्याचे उघड कारण. मात्र संस्था एका गावी आणि तिची संगणकप्रणाली सांभाळणारा तंत्रज्ञ दुसऱ्या शहरी, असे चित्र बहुतेक ठिकाणी दिसते. बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात तर ते शहर अनेकदा परराज्यात असते. लातूर, सोलापूर आणि हैदराबाद ही तिन्ही शहरे या भागाच्या रोजच्या व्यवहारातली आहेत.

एका जिल्ह्याच्या नोंदी तीन राज्यांत

या भागात नोंदींच्या प्रश्नाला इतिहासाचीही किनार आहे. १९५६ पर्यंत बीदर हा हैदराबाद संस्थानातला, पुढे हैदराबाद राज्यातला जिल्हा होता. भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात आणि उरलेला बीदर, भालकी, हुमनाबाद, औरादचा भाग म्हैसूर राज्यात. सोयरीक आणि शेती मात्र सीमेप्रमाणे वाटली गेली नाही. आजही एकाच कुटुंबाची काही जमीन औराद तालुक्यात आणि काही उदगीर तालुक्यात असू शकते. अशा कुटुंबाच्या मालकीची नोंद दोन राज्यांच्या दोन स्वतंत्र डेटाबेसमध्ये, दोन भाषांत आणि दोन निरनिराळ्या खात्यांच्या पहाऱ्यात असते. यांपैकी एका ठिकाणी कोणी परस्पर फेरफार केला, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा मागमूसही लागत नाही.

कर्नाटकाने जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण ‘भूमी’ या प्रकल्पाद्वारे केले. या शतकाच्या आरंभी, सनदी अधिकारी राजीव चावला यांच्या पुढाकाराने ते राज्यभर पोहोचले. त्यापूर्वी सुमारे ९,००० ग्राम लेखापालांच्या दप्तरांत विखुरलेल्या जवळपास २ कोटी नोंदी १७७ तालुका केंद्रांवरील संगणकांत आल्या. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचा त्यांच्याशी संबंध होता. उताऱ्याची फी तेव्हा १५ रुपये होती आणि केंद्र सुरू झालेल्या तालुक्यात हाताने लिहिलेल्या उताऱ्याची वैधता संपवण्यात आली.

‘भूमी’ची मूळ प्रणाली मुक्तस्रोत नव्हती. तरीही किल्ल्यांच्या प्रश्नावर तिने काढलेला तोडगा येथे महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्याने नुसता पासवर्ड टाकून प्रणालीत जावे, ही पद्धत तिने पुरेशी मानली नाही आणि बोटाचा ठसा घेण्यास सुरुवात केली. सरकारी कचेरीतला पासवर्ड एकाचा राहत नाही, तो टेबलावरच्या चिठ्ठीवर असतो, हे योजनाकर्त्यांनी गृहीत धरले होते. पुढे वाद उद्भवला तर ‘तो बदल मी केलाच नाही, माझा पासवर्ड कोणी तरी वापरला’ असे म्हणण्याची सोय राहू नये, हा त्यामागचा हेतू. शिवाय फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढण्याची सक्ती प्रणालीतच होती, म्हणजे अमक्याचा कागद पुढे घेण्याची मुभा लेखनिकाकडे राहिली नाही. डेटाबेसच्या सुरक्षेबद्दलची पुस्तके कुलपांविषयी भरभरून लिहितात. पण ‘हा बदल नेमका कोणी केला’ या प्रश्नाला एकाच माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळाले पाहिजे, ही अपेक्षा ‘भूमी’ने वीस वर्षांपूर्वी तालुका पातळीवर उतरवली, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली.

आळंदचे ६,०१८ अर्ज

याच भागातील दुसरे प्रकरण अलीकडचे आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला विधानसभा मतदारसंघ. २०२३ च्या निवडणुकीपूर्वी तेथील मतदारयादीतून नावे वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज ऑनलाइन दाखल झाले. पडताळणीत त्यांतील केवळ २४ खरे ठरले आणि ५,९९४ फेटाळण्यात आले. निवडणूक अधिकाऱ्याने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलिसांत गुन्हा नोंदवला. ज्यांच्या नावाने अर्ज गेले होते त्यांपैकी अनेकांनी आपल्याला याची कल्पनाच नव्हती, असे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये हा विषय देशभर गाजला आणि कर्नाटक सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्यामागे कोण होते, हे ठरवण्याचे काम तपास यंत्रणा आणि न्यायालय यांचे आहे.

तांत्रिक अंगाने पाहता हे अर्ज पुढच्या दारानेच आले, नागरिकांसाठी ठेवलेल्या ऑनलाइन सोयीतून. दाराशी उभा असलेला माणूस तोच आहे का, एवढाच प्रश्न होता. नावे वाचली ती प्रत्यक्ष घरोघरच्या पडताळणीमुळे. दूरस्थ जोडणीचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. कुलूप मजबूत असणे ही एक गोष्ट, आणि किल्ली योग्य माणसाच्या हाती असणे ही अगदी वेगळी.

सॉफ्टवेअरची ओळख

मुक्तस्रोत डेटाबेसच्या जगात दोन घराणी ठळक आहेत. पोस्टग्रेसचा उगम अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास हाती घेतलेल्या प्रकल्पात आहे. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हे आजचे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले. मायएसक्यूएल १९९५ मध्ये आले. २०१० मध्ये ते ओरॅकल कंपनीकडे गेले, तेव्हा त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही वेगळी शाखा आधीच उभी केली होती. ‘माय’ आणि ‘मारिया’ ही त्यांच्या दोन मुलींची नावे. आपल्याकडे वेबसाइटसोबत बहुधा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी येते. मोठ्या सरकारी प्रणालींत पोस्टग्रेस अधिक दिसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘ई-ग्रंथालय’ या ग्रंथालय प्रणालीची चौथी आवृत्ती पोस्टग्रेसवर चालते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केल्यानंतर ही वाट अधिक रुंद झाली.

दार कोठे असते

डेटाबेस ज्या संगणकावर चालतो, त्यावर तो एका ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसतो. पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट ५४३२, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांचा ३३०६. पोस्टग्रेस बसवले की ते मूळ स्थितीत फक्त त्याच संगणकावरून आलेल्या हाका ऐकते, बाहेरच्या नाही. मारियाडीबीचीही अनेक लिनक्स वितरणांत हीच स्थिती असते. म्हणजे आरंभी दार बंदच असते आणि ते माणूस उघडतो.

कसे उघडले जाते, हे भालकीतील एखाद्या पतसंस्थेच्या कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. संस्थेचा सर्व्हर कचेरीत आहे. प्रणाली बनवणारा तंत्रज्ञ लातूरला. व्याजाची आकारणी चुकते आहे, दुरुस्ती आजच हवी. घाईत ‘सर्व पत्त्यांवरून ऐक’ अशी सेटिंग केली जाते, राउटरवर पोर्ट मोकळा होतो, काम अर्ध्या तासात उरकते. नंतर दार लावायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्याला ते दार सापडायला हवे होते तो तंत्रज्ञ एकच होता. इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याचे पोर्ट चाचपत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम मात्र असंख्य आहेत. भालकी हे लहान गाव आहे, आपल्याकडे कोण येणार, हा समज येथे उपयोगी पडत नाही. त्या प्रोग्रामना गाव दिसत नाही, आकडे दिसतात.

२०१७ च्या प्रारंभी याचा धडा जगाला मिळाला. मोंगोडीबी या तेव्हा मुक्तस्रोत परवान्यावर असलेल्या डेटाबेसच्या हजारो प्रती इंटरनेटवर पासवर्डाविना उघड्या पडल्या होत्या. हल्लेखोरांनी त्यांतील माहिती पुसली आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. बिटकॉइन द्या, माहिती परत घ्या. पुष्कळ ठिकाणी माहितीची प्रत त्यांनी घेतलेलीच नव्हती. पैसे देऊनही परत मिळण्यासारखे काही उरले नव्हते.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. उबुंटू लिनक्सवर ‘यूएफडब्ल्यू’ नावाची भिंत उभारून पोर्ट बंद केला, तरी डॉकरमधून प्रसिद्ध केलेला पोर्ट त्या भिंतीला वळसा घालून खुला राहू शकतो. भिंत आहे असे वाटत असते आणि ती नसते. पोर्ट प्रसिद्ध करताना तो केवळ स्थानिक पत्त्याला बांधणे हा त्यावरचा उपाय.

कोण, कोठून, कोणत्या मार्गाने

दारापाशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याची दोन घराण्यांची रीत वेगळी आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-एचबीए’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत कोणता डेटाबेस, कोणता वापरकर्ता, कोणता पत्ता आणि ओळख पटवण्याची कोणती पद्धत, हे लिहिलेले असते. सर्व्हर वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ लागू करतो. त्या ओळीनुसार प्रवेश नाकारला गेला तर तो पुढच्या ओळीकडे वळत नाही. त्यामुळे वर एखादी सैल ओळ राहिली असेल, तर खाली कितीही कडक नियम लिहा, ते निष्फळ. ‘ट्रस्ट’ ही पद्धत लिहिलेली ओळ पासवर्ड विचारतच नाही. प्रयोगासाठी लिहिलेली अशी ओळ कामाच्या सर्व्हरवर तशीच राहिलेली सापडणे, हा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. लिनक्सवर फाइल बदलल्यावर सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते, अन्यथा बदल कागदावरच राहतो.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांत वापरकर्ता म्हणजे नाव आणि ठिकाण यांची जोडी. ‘हिशेब’ नावाचा वापरकर्ता कचेरीच्या संगणकावरून आला तर एक, बाहेरून आला तर दुसरा. दोघांचे पासवर्ड आणि अधिकार निराळे असू शकतात. ठिकाणाच्या जागी टक्क्याचे चिन्ह लिहिले, की जगातल्या कोणत्याही पत्त्यावरून प्रवेश खुला होतो. इंटरनेटवर उतरवून घेतलेल्या तयार सूचनांत हे चिन्ह हटकून असते, कारण त्यामुळे सूचना प्रत्येकाच्या संगणकावर चालते.

अधिकारांबाबत एक ढोबळ नियम पाळला तरी अर्धे काम होते. रोजचा व्यवहार चालवणाऱ्या प्रोग्रामला सर्वाधिकारी खाते देऊ नये. पोस्टग्रेसमधील ‘पोस्टग्रेस’ आणि मायएसक्यूएलमधील ‘रूट’ ही खाती घर बांधणाऱ्याची आहेत, राहणाऱ्याची नव्हेत. पतसंस्थेच्या उदाहरणात किमान तीन खाती हवीत. पावत्या-खतावण्यांचे काम करणाऱ्या प्रोग्रामचे एक, अहवाल काढणाऱ्याचे केवळ वाचण्यापुरते दुसरे आणि तंत्रज्ञाचे तिसरे. तंत्रज्ञ दोन असतील तर खातीही दोन. एकाच खात्यावर चार माणसे काम करू लागली, की ‘भूमी’ने जो प्रश्न बोटाच्या ठशाने सोडवला तो पुन्हा जागच्या जागी येतो.

तारेवरून जाणारा पासवर्ड

पासवर्ड सर्व्हरपर्यंत कसा जातो आणि तेथे कोणत्या रूपात साठवला जातो, यात गेल्या काही वर्षांत सुधारणा झाली. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीने, म्हणजे २०१७ मध्ये, ‘स्क्रॅम’ ही मजबूत पद्धत आणली आणि २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून ती मूळ स्थितीतच लागू झाली. त्यापूर्वीची ‘एमडी-५’ आता निवृत्तीच्या मार्गावर आहे. मायएसक्यूएलने २०१८ मध्ये आठव्या आवृत्तीत नवी पद्धत मूळ ठरवली आणि नवव्या आवृत्तीत जुनी सर्व्हरमधून काढूनच टाकली. जुना सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेताना कचेरीतला एखादा दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम अचानक जोडला जाईनासा होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा वेळी नवी पद्धत बंद करून जुनी चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोयीचा आहे, योग्य नाही.

पासवर्ड सुरक्षित गेला तरी मागोमाग जाणारी माहिती उघडी असू शकते. तिच्यासाठी संपूर्ण जोडणी कूटबद्ध करावी लागते. पोस्टग्रेसच्या जोडणीत याची मूळ सेटिंग ‘जमल्यास कूटबद्ध’ अशी आहे. जमले नाही तर ती मुकाट्याने उघड्याने बोलू लागते आणि वापरकर्त्याला काही कळत नाही. ‘कूटबद्ध हवेच’ ही पुढची पायरी. तीही समोरचा सर्व्हर खरा आहे याची खात्री करत नाही. प्रमाणपत्र आणि सर्व्हरचे नाव दोन्ही तपासून मगच बोलणारी ‘व्हेरिफाय-फुल’ ही सेटिंग बाहेरच्या जाळ्यावरून जोडताना वापरावी. बसस्थानकावरच्या किंवा लॉजमधल्या वायफायवरून संस्थेच्या डेटाबेसला जोडणाऱ्याला हा फरक माहीत असायला हवा.

लहान संस्थेसाठी याहून सोपा मार्ग एसएसएच बोगद्याचा आहे. एसएसएच ही पद्धत फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले जात असल्याचे आढळले, हे तिच्या जन्माचे कारण. डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडायचाच नाही. तंत्रज्ञ प्रथम एसएसएचने सर्व्हरवर पोहोचतो, तेही पासवर्डाऐवजी किल्लीच्या फाइलने, आणि त्या कूटबद्ध बोगद्यातून आतल्या डेटाबेसशी बोलतो. डेटाबेसला वाटते की माणूस त्याच संगणकावर बसला आहे. पीजीॲडमिन, डीबीव्हर यांसारख्या साधनांत बोगद्याची सोय जोडणीच्या खिडकीतच दिलेली असते. बाहेर एकच दार राहते आणि एकाच दाराचा पहारा ठेवावा लागतो. कचेरीचे स्वतःचे व्हीपीएन असेल तर उत्तमच. पण पाच माणसांच्या पतसंस्थेकडून त्याची अपेक्षा धरणे व्यवहाराला सोडून होईल.

किल्ली कोठे ठेवली जाते

एवढा बंदोबस्त करूनही बहुतेक गळत्या दाराशी होत नाहीत, किल्ली ठेवण्याच्या जागी होतात. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीचे २०१७ चे प्रकरण त्याचे बोलके उदाहरण आहे. एका जुन्या त्रुटीतून आत शिरलेल्या हल्लेखोरांना तेथे कूटबद्ध न केलेली नावे आणि पासवर्ड असलेली फाइल सापडली. तिच्या जोरावर मूळ प्रणालीशी संबंध नसलेल्या ४८ डेटाबेसपर्यंत ते पोहोचले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

आपल्याकडे अशी फाइल म्हणजे बहुधा वेबसाइटच्या फोल्डरमधली ‘कॉन्फिग’, रात्रीची बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, एक्सेलचा तक्ता किंवा व्हॉट्सॲपवरचा जुना संदेश. हा शेवटचा प्रकार सर्वांत चिवट. पासवर्ड एकदा गटावर गेला, की तो किती फोनांत आणि किती क्लाउड-प्रतींत जाऊन बसला, हे कोणीही सांगू शकत नाही. तो बदलणे एवढाच इलाज.

पोस्टग्रेसने यासाठी ‘पीजीपास’ नावाची फाइल सुचवली आहे. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ती राहते आणि प्रोग्राम तेथून पासवर्ड उचलतो, म्हणजे तो स्क्रिप्टमध्ये लिहावा लागत नाही. लिनक्सवर ही फाइल इतरांना वाचता येईल अशी ठेवली, तर पोस्टग्रेस ती सरळ दुर्लक्षितो. विंडोजवर मात्र ही तपासणी होत नाही, आणि आपल्या कचेऱ्यांत विंडोजच अधिक. मायएसक्यूएलमध्ये ‘लॉगिन-पाथ’ची सोय आहे. त्या फाइलमधला पासवर्ड डोळ्यांना दिसत नाही, पण ती खरी कूटबद्धता नव्हे, केवळ झाकण आहे. फाइल ज्याच्या हाती लागली त्याला ते काढता येते. पीजीॲडमिनमध्ये पासवर्ड साठवायचेच असतील तर त्याचा ‘मास्टर पासवर्ड’ चालू ठेवावा. सर्व्हरांची यादी दुसऱ्या संगणकावर नेताना हे साधन पासवर्ड सोबत देत नाही, हेही चांगलेच.

आदेश लिहितानाही दक्षता लागते. मायएसक्यूएलच्या आदेशातच पासवर्ड लिहिला, तर तो संगणकाच्या आदेश-इतिहासात उरतो. पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड बदलण्याचा सरळ आदेश दिला, तर नवा पासवर्ड उघड्या अक्षरांत सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसू शकतो. तो टाळण्यासाठी ‘पीएसक्यूएल’मध्ये उलट्या तिरक्या रेषेने सुरू होणारा ‘पासवर्ड’ हा खास आदेश आहे. तो पासवर्डाचे रूपांतर आधी करतो आणि मगच सर्व्हरकडे पाठवतो.

बॅकअपचा विचार येथेच यावा. सर्व्हरला सात कुलपे आणि रोजची प्रत मात्र मालकाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर, असा प्रकार असेल तर किल्ल्यांची चर्चा फोल ठरते. प्रतीत ठेवीदाराचे नाव, पत्ता, आधार क्रमांक सारे काही असते आणि ती उघडायला डेटाबेसचा पासवर्ड लागत नाही.

माणूस सोडून गेल्यावर

सीमाभागातील तरुण तंत्रज्ञ वर्ष-दोन वर्षे स्थानिक काम करून हैदराबाद, पुणे किंवा बंगळूरची वाट धरतो. त्याच्या जाण्याने संस्थेत चहापान होते, हार-तुरे होतात. त्याचे खाते चालूच राहते. यात त्याचा दोष नसतो. पुढे त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र उभा राहतो.

खाते बंद करण्याचीही रीत आहे. पोस्टग्रेसमध्ये एखाद्याच्या मालकीचे तक्ते असतील, तर त्याचे खाते काढू पाहिल्यास सर्व्हर नकार देतो. म्हणून प्रथम त्या खात्याचा प्रवेशाधिकार काढावा, मालकी दुसऱ्याकडे वर्ग करावी आणि मग सवडीने खाते हटवावे. पासवर्ड बदलल्याने आधीच जोडलेला माणूस बाहेर पडत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. चालू असलेली जोडणी तशीच राहते, ती स्वतंत्रपणे तोडावी लागते. पासवर्डाची मुदत ठरवून दिली, तरी ती पुढच्या प्रवेशाला लागू होते, आत बसलेल्याला नाही.

प्रोग्रामच्या खात्याचा पासवर्ड बदलणे अधिक त्रासाचे, कारण बदल आणि प्रोग्रामची सेटिंग यांत क्षणाचे अंतर पडले तरी काउंटरवरचे काम थांबते. या भीतीने वर्षानुवर्षे तो बदललाच जात नाही. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालू ठेवण्याची सोय आली. पोस्टग्रेसमध्ये ती नाही. तेथे समान अधिकारांची दोन खाती तयार करून आलटून-पालटून वापरण्याची युक्ती चालते. प्रोग्राम दुसऱ्या खात्यावर नेला, सर्व सुरळीत असल्याचे पाहिले, की पहिल्याचा पासवर्ड बदलायचा. पुढच्या वेळी उलटे.

कायद्याच्या बाजूनेही आता वेळेचे बंधन आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजे सर्ट-इन, याने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार माहितीची गळती किंवा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील प्रमुख जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड गावातल्या पतसंस्थेला होणार नाही, असे कोणी म्हणेल. पण गळतीनंतर ठेवीदारांची जी रांग दाराशी लागते तिला दंडाच्या आकड्याशी कर्तव्य नसते.

या निर्देशांतील लॉगची अट मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये आपोआप पुरी होत नाही. पोस्टग्रेस मूळ स्थितीत यशस्वी जोडण्यांची नोंद करत नाही. ‘लॉग-कनेक्शन्स’ आणि ‘लॉग-डिस्कनेक्शन्स’ या दोन सेटिंग्ज मुद्दाम चालू कराव्या लागतात. मायएसक्यूएलचा सर्वसाधारण लॉगही बंद असतो, आणि तो सरसकट चालू केल्यास व्यग्र सर्व्हरवर फाइल फुगत जाते. म्हणून तेथे केवळ प्रवेशांची नोंद ठेवणारी जोडप्रणाली वापरावी. मारियाडीबीत ती मोफत मिळते. लॉग त्याच संगणकावर ठेवला तर आत शिरलेला माणूस जाताना तोही पुसू शकतो. त्याची प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी व्यवस्था करावी आणि त्या दुसऱ्या यंत्राची किल्ली डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे न देता संस्थेच्या सचिवाकडे किंवा लेखापरीक्षकाकडे ठेवावी.